पाण्याचं बटण

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते गावी, गडाच्या पायथ्याला पालीलाच होते. स्वतःचा टेम्पो होता, वेल्ह्यापर्यंत माल न्यायचे, गडावर येणाऱ्या पोरापोरींनाही सोडायचे. डावा हात आणि पाय गेला. जीभ इतकी जड झाली, की ते काय म्हणतात ते आम्हाला कळेना. दवाखाना जवळ हवा म्हणून त्यांना भोरला, आमच्याकडे आणलं. नवरा सकाळीच कंपनीत जायचा. मी घरूनच प्रोग्रॅमिंगचं काम करते, त्यामुळे दिवसभर त्यांच्याजवळ सासूबाई आणि मी.

त्यांनी काहीतरी सांगायचं, आम्ही अंदाज बांधायचा, तो चुकायचा, मग ते रागाने उशी ढकलायचे. पंधरवड्यात तिघंही थकलो. म्हणून मी माझ्या जुन्या टचस्क्रीन लॅपटॉपवर पायथनमध्ये एक साधी डायलॉग विंडो केली. चार बटणं, दोन-दोनच्या दोन रांगा. डावीकडे ‘पाणी’ आणि ‘दुखतंय’, उजवीकडे ‘पंखा’ आणि ‘कूस बदला’. दाबलं की माझ्या आवाजात तो शब्द ऐकू यायचा.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. विंडो मोठी केली तर बटणं आडवी ताणली गेली, उंचीला मात्र पट्टीएवढीच राहिली. त्यांचं बोट थरथरत भलतीकडेच पडायचं. मी बटणांची किमान उंची ठरवून दिली, उभीही वाढू दिली, दोन बटणांमधली मोकळी जागा चांगली बोटभर केली. मग बोट नीट पडायला लागलं. पण पडायचं ते पंख्यावर, नाहीतर कूस बदलण्यावर.

थंडीचे दिवस. सासूबाई पंखा लावायच्या, ते चिडायचे. पंखा बंद केला की पुन्हा तेच बटण.

“आता काय करू म्या ह्यांचं?” सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “गारठ्यात पंखा लाव म्हणत्यात, आन् लावला की वरडत्यात!”

मी पुन्हा बटणांच्या मापांशी खेळत बसले. कंपनीचं काम मागे पडत होतं, पाठ दुखत होती. लेआउटमधलं अंतर वाढव, कमी कर. चूक कुठे आहे तेच दिसेना.

दुपारी सासूबाई त्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. “भाजी भाकरी खाल्ली, भात तसाच. रोज असंच. माझ्या हातची चवच गेली जनू.”

ताटात भात डाव्या अंगाला होता, शिवलेलासुद्धा नाही. उजवी बाजू मात्र बोटाने पुसून खाल्लेली.

“आत्या, ताट जरा फिरवून ठेवा त्यांच्यापुढे,” मी म्हणाले.

त्यांनी ताट परत नेऊन फिरवून ठेवलं. सासरे भात खायला लागले. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “त्या अंगाचं दिसतच न्हाई व्हय गं त्यास्नी?”

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, असं होतं, डोळे ठीक असले तरी मेंदू डावीकडची दखल घेत नाही.

त्याच संध्याकाळी मी दोन रांगा मोडल्या. सगळी बटणं उजव्या कडेला, एकाखाली एक, जाड जाड. डावा अर्धा भाग रिकामा सोडला. पंख्याच्या जागी ‘काही नको’ घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं बटण दाबलं ते पाण्याचं. सासूबाईंनी चमच्याने पाजलं. ते पुन्हा दाबत राहिले, पुन्हा पाणी. किती दिवस तहानलेले होते कोण जाणे. सासूबाई पदराने डोळे पुसत चमचा भरत होत्या.

त्यानंतर काम कमी झालं असं नाही. उलट बटण वाजलं की उठावं लागायचं, मीटिंग चालू असली तरी. एका दुपारी मी कॉटपाशी उभी राहून एकामागून एक विचारत सुटले होते, पाणी देऊ का, कूस बदलू का, कुठे दुखतंय का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात उचलला आणि सावकाश ‘काही नको’ दाबलं.

मला वाईट वाटलं नाही. प्रश्न थांबवून मी तिथेच, कॉटशेजारी भिंतीला पाठ टेकून खाली बसले.