बिनमिठाचा बांगडा

समोरच्या गच्चीवरून आज भाजलेल्या बांगड्याचा वास आला. मला काहीच वाटलं नाही. खिडकी तेवढी लावली.

नाहूरच्या आमच्या गच्चीवर त्या रविवारी नऊ माणसं होती आणि दोन शेगड्या. एकीवर बांगडे आणि दहा हात लांब दुसरीवर जैन शेजारी शहाभाभींसाठी पनीर आणि कच्ची केळी. चिमटेही वेगळे. डॉक्टरांनी बाबांचं मीठ बंद केलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी दोन्हीकडे एकेक नग बिनमिठाचा भाजला होता.

बाबांनी खुर्ची भाभींकडे ओढली. "तिकडे वासानेच हात पुढे जातो."

भाभी हसल्या. "काका, वास इथेपण येतो हां!"

मी बांगडा नेला. बाबांनी एक कण जिभेवर ठेवला. "चिमूटभर मीठ टाक ना रे."

"नाही, बाबा."

"मग ने परत. त्यापेक्षा केळं बरं, त्याच्याकडून काही अपेक्षा नाही."

त्यानंतर बाबांच्या ताटात बांगडा आलाच नाही. महिन्याभरात ते गेले. आजही विचार केला तर उत्तर तेच येतं, मीठ घालायचं नव्हतं.

त्या रविवारी आवरताना बाबांनी परत केलेला तो गार बांगडा मी वॉचमनला दिला. त्याने घास घेतला.

"साहेब, मीठ राहिलंय."

"हो," मी म्हटलं.