रिकामं कॅरियर

आमच्याकडं मेहकरला जाणाऱ्याला रिकामं सोडायची पद्धतच नाही. तुम्ही जानेफळात नुसती गाडी सुरू करा, चार दारांतून चार पिशव्या बाहेर येतात. भाचीला मेथी, जावयाला डबा, दुरुस्तीला मिक्सर. तरी माझी सहावीतली लेक सायकलनं मेहकरला निघाली तेव्हा लोक गप्प बसतील असं मला वाटलं. कसं वाटलं, देव जाणे!

तिची जिवाभावाची मैत्रीण तापानं गेली. मेहकरच्या दवाखान्यात ती असताना तिची आई बाहेर ओट्यावर उपाशी बसून असायची, हे लेकीनं पाहिलं होतं. म्हणून हिनं ठरवलं, सायकलनं जायचं, वाटेत डाळ-तांदूळ गोळा करायचे आणि दवाखान्याबाहेर बसणाऱ्यांना खिचडी खाऊ घालायची. अट एकच. कॅरियरवर काही ठेवायचं नाही. ती मैत्रिणीची जागा. ती तिथं डबलसीट बसायची, दोन्हीकडं पाय फाकवून, आणि उतार लागला की बोंब ठोकायची, "सरका बे, ब्रेक नाही!" ब्रेक चांगले ठणठणीत असायचे. असंच मेहकरला जायचं दोघींचं ठरलं होतं, ते राहून गेलं.

"आई, आज मी तिले नेऊन राह्यली," लेक म्हणाली.  मी स्कूटी काढली आणि मागं निघाले.

वेशीवरच पहिली तूरडाळ आली, ती थेट कॅरियरवर.

"तिथं नाही!" लेक किंचाळली.

"काऊन वं? रिकामंच तर हाय."

"रिकामं नाही ते!"

डाळ माझ्या गाडीवर आली. पुढच्या फाट्यावर तांदूळ आले, मग कांदे आले. आणि मेहकरचं नाव ऐकल्यावर बाकीचं सुरू झालं. एका आजोबांनी काडी मोडलेला चष्मा दिला, दुरुस्त करून आणायला. त्यांच्या शेजाऱ्यानं बंद पडलेला मिक्सर दिला. एका मावशीनं विहीणबाईसाठी कोहळा दिला. अख्खा कोहळा! आणि प्रत्येकानं आधी हात घातला तो कॅरियरलाच. चहा तर इतका पाजला की पोरीला दोनदा कपाशीच्या पऱ्हाटीत पळावं लागलं.

एका भाऊंनी तिचं लक्ष नाही असं बघून कॅरियरला मेथीची जुडी खोचली. लेकीनं सायकल उभी केली, जुडी काढून त्यांच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवले. "तुमच्या शेजारी कोणी बसलं असलं, तर मी त्याच्या डोक्यावर मेथी ठेवीन काय?" भाऊंनी गुपचूप जुडी माझ्याकडं दिली. मी हसून हसून गाडीसकट आडवी व्हायची बाकी होते. पायांत डाळ, पुढं कोहळा, पाठीला मिक्सर, आणि तोंडानं अख्ख्या तालुक्याचा उद्धार चाललेला.

मेहकर जवळ आलं तशी मागून एसटी आली. खिडक्यांतून हात, शिट्ट्या, नुसता कल्ला. एसटी पुढं जाऊन गचकन थांबली आणि तांदळाची पिशवी घेऊन मैत्रिणीची आई उतरली. सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती घराबाहेरसुद्धा आली नव्हती. तिची पोर गेल्यापासून मेहकरचं नाव निघालं की ती तोंड फिरवायची.

ती कॅरियरकडं बघत राहिली. "मले खिडकीतून दिसलं. कोणालेच बसू नाही दिलं काय तिच्या जागेवर?"

लेकीनं मान हलवली.  आता दोघी रस्त्यातच रडणार आणि मी कोहळा धरून कुणाकुणाला सावरणार?

लेकीनं ओढणीनं कॅरियर पुसलं. "बसा काकू. पण पाय दोन्हीकडं टाका. एका बाजूनं बसलेलं तिले चालत नाही."

पिशवी माझ्याकडं आली, हे सांगायलाच नको. काकूंनी लुगडं खोचलं आणि बसल्या. सायकल डोलली, रस्त्याखाली गेली, परत वर आली. "अगं पडाल वं दोघी!" मी मागून ओरडतेय, पण ऐकतंय कोण? गावात शिरायचा उतार लागला. पुढं म्हशींचा कळप निवांत चाललेला. लेकीनं घंटी वाजवली, म्हशींनी वळूनही पाहिलं नाही.

तेव्हा पाय फाकवून, पदर उडत असताना, इतके दिवस जिचा आवाज शेजारच्या घरातही ऐकू आला नव्हता ती बाई ओरडली, "सरका बे, ब्रेक नाही!"

मी हसत होते आणि ढसाढसा रडत होते. म्हशी खरंच सरकल्या.