नानांची नारंगी पिशवी

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. नाशकात लॅब टेक्निशियन आहे मी. रक्तात काय आहे ते मशीन सांगतं, बाकी सगळ्या गप्पा... तरीही हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

पंचवटीच्या पुढे, मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी कोथिंबीर. माझे चुलते – नाना – आधी नेव्हीत होते, मग समुद्रातल्या तेलाच्या रिगवर लागले. पंधरा दिवस रिगवर, पंधरा दिवस मळ्यात. ९५ च्या सुमारास त्यांनी मळ्यात उंच पाइप रोवला आणि वर नारंगी कापडाची लांब पिशवी बांधली. विमानतळावर वारा दाखवायला असते ना, तशी. "नानांच्या पायजम्याची एक तंगडी वाळतेय," असं म्हणून लोक हसायचे. नाना चिडायचे नाहीत. रिगवर विषारी गॅस सुटला की आधी पिशवी बघायची. शेपटी जिकडे, तिकडे मरण. वाऱ्याच्या उलट पळायचं. हे त्यांनी आम्हा सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं.

दुसरा नियम विहिरीचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आजूबाजूचे लोक डिझेल इंजिन विहिरीतच उतरवायचे. नाना उतरवू द्यायचे नाहीत. "धूर जाईल कुठं?" एवढंच विचारायचे.

२००३ च्या थंडीत नाना गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पाण्याने तळ गाठला, लाइटचा भरवसा नाही, लग्नसराईचा झेंडू डोळ्यांदेखत सुकायला लागला. माझा भाऊ दत्ता – त्याचं नुकतंच लग्न झालेलं – त्याने इंजिन विहिरीतल्या धक्क्यावर उतरवलंच. काकू म्हणाली, "त्यांना नसतं चाललं." पण अडवलं नाही.

भर दुपारी इंजिन आपोआप बंद पडलं. काय झालं बघायला दत्ता निघाला. पान हलत नव्हतं, पिशवी लुळी लोंबत होती. त्याने कठड्यावरून एक पाय आत टाकला आणि वर कापड फडाडलं. पिशवी फुगून ताठ झाली होती... शेपटी थेट विहिरीकडे.

काकूने हातातली फुलांची पाटी टाकली आणि पळत जाऊन त्याची कॉलर धरली.

"दत्तू, शेपटी बघ."

"काकू, सोड ना, पीक चाललंय हातचं."

तिने सोडलं नाही. मी कंदील पेटवून दोराने खाली सोडला. अर्ध्यात विझला. परत पेटवला, परत विझला. दत्ताने पाय बाहेर घेतला. इंजिनाने हवा खाल्ली होती, ते मला कळतं. पण पिशवीत वारा कुठला? शेजारची कोथिंबीरसुद्धा हलत नव्हती.

नंतर कितीतरी वर्षं पिशवी शहाण्यासारखी वाऱ्याबरोबर वागली.

मग २००९ चा दसरा. सकाळी काकू मळ्यातल्या घराच्या ओट्यावर झेंडूचं तोरण ओवत होती. तब्येत ठणठणीत. उदबत्तीचा धूर सरळ वर चाललेला. आणि तोच आवाज आला. मी वर बघितलं. शेपटी ओट्याकडे होती.

"काकू, ऊठ. आधी ऊठ तिथून."

"बघितलं मी," ती म्हणाली. सुईत पुढचं फूल घातलं.

"मग चल ना."

"लय वर्सं वाऱ्याच्या उलटं पळले गं... आता नाय." आणि हसली.

मी ओढलं, ती हलली नाही. दत्ताला बोलवायला मी आत पळाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा तिची मान भिंतीला टेकलेली होती. तोरण मांडीवर, पिशवी पुन्हा लुळी.

हार्ट, डॉक्टर म्हणाले. असेलही. नाना तिला सावध करत होते की न्यायला आले होते, ते मला आजही कळलेलं नाही. दत्ता पाइप काढू देत नाही. कापड विरलं की स्वतः चढून नवं बांधतो. आणि मी, मशीनशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी, मळ्यात गेले की शेपटी कुणीकडे आहे ते बघूनच बसते.