गळ्यापुढची काच

कुस्त्यांच्या फडात पुकारताना दाजी माईक नुसता हातात धरायचे. खरं काम गळ्याचंच. एकदा भर फडात लाइट गेली, भोंगे मुके झाले, कमिटीची माणसं जनरेटरवाल्याच्या नावानं शंख करू लागली, तेव्हा दाजी मैदानाच्या मधोमध उभं राहून गरजले, "लाइट गेली, दाजी हाय अजून!" पार शेवटी ट्रॉलीवर बसलेले म्हातारेही हसले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सोनईचे. लग्नानंतर आमच्या तिसगावातच जमीन घेऊन राहिले, म्हणून सगळं गाव त्यांना दाजीच म्हणे.

त्यांची एक रीत होती. कुस्ती निकाली झाली की ते आधी पडलेल्या पैलवानाचं नाव पुकारत, गावासकट, वस्तादासकट. जिंकलेल्याचं नंतर. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मेव्हणं, जिंकल्याचं नाव समदेच घेत्यात. पडलेल्याला घरी जायाचं आस्तं. त्याला कुनीतरी वळखलं पायजे का न्हाई?"

पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी एक जुनी स्पोर्ट मोटरसायकल घेतली. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, हेल्मेटच्या आत उपरणं, आणि हा माणूस टाकीवर ओणवा होऊन रस्त्यानं जायचा. लोक हसायचे. चैत्रात एका दिवशी दोन-दोन गावचे फड असत. एसटीच्या भरवशावर ते जमण्यासारखं नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं : "लई ग्वाड पळती रं ती."

मग आवाज बसला. खोकल्याचं औषध झालं, हळद-दूध झालं. नगरला तपासणी झाली तेव्हा गळ्याचा कॅन्सर निघाला. तंबाखू तीस वर्षांची. पुण्यात ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं, आणि गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, श्वासासाठी रुपयाएवढं भोक ठेवलं. आता श्वास तिथूनच घ्यायचा. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध संपला. त्या भोकावर ते पातळ फडकं बांधत.

घरी आल्यावर दोन महिने दाजी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. पुढं कमिटीची माणसं आली आणि म्हणाली, पुकारता येत नसलं तरी पंच म्हणून उभे राहा. दाजी उठले. पहिल्या फडात कुणीतरी त्यांच्या हातात शिट्टी दिली. त्यांनी ती ओठात धरली, गाल फुगवले, आणि काहीच वाजलं नाही. फुंकायला वारा तोंडापर्यंत येतच नव्हता. समोर हजार माणसं. दाजींनी शिट्टी खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी अशी टाळी वाजवली की दोन्ही पैलवान जागच्या जागी थांबले.

पण फडापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न होताच. त्या गाडीची मूळची काच बुटकी. ती वारा उचलून नेमका गळ्यावर फेकायची. फडकं भोकाला चिकटायचं आणि श्वास कोंडायचा. करंजीच्या घाटाजवळ एकदा ते रस्त्याच्या कडेला गाडी टाकून बसलेले एका टेम्पोवाल्याला दिसले. ओठ निळे पडलेले. ताईनं किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. चौथ्या दिवशी दाजी माझ्या नगरच्या खोलीवर आले, एसटीनं. खिशातली वही काढून लिहिलं, "उंच काच बघू. नाही जमली तर गाडी विकतो."

पुढच्या रविवारी मी तिसगावहून गाडी घेऊन नगरला आलो, दाजी मागून एसटीनं आले. किल्ली मीच ताईकडून मागून घेतली, हे इथं सांगायला हवं. ॲक्सेसरीजच्या दुकानात दुकानदारानं आधी काळी, अणकुचीदार काच काढली. "हीच घ्या, गाडीला शोभती." दाजींनी गळ्याचं फडकं सोडून दाखवलं. दुकानदाराचा हात तसाच राहिला. मग त्यानं काळी काच आत ठेवली आणि बायकोच्या विणकामातली लोकर घरून मागवली.

लोकरीचे वीतभर धागे त्यानं दाजींच्या कॉलरला टाचले. एकेक काच बसवायची, दाजींनी शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर हळू वेगानं जायचं, आणि मी बाजूनं स्कूटर चालवत धागे बघायचे. मधे फुगीर असलेली काच लावली, तर धागे पिसाळल्यासारखे गळ्यावर आपटत होते. त्याहून उंच, सपाट काच लावली. समोरचा वारा थांबला, पण मागून भोवरा यायचा आणि धागे उलटे गळ्याशी चिकटायचे. दुकानदार डोकं खाजवत बसला. शेवटी त्यानं तीच काच वायसर घालून बोटभर पुढं उचलली, खालून थोडा वारा जाईल अशी. धुरकट रंगाची मिळत होती, पण दाजींनी पारदर्शकच मागितली. परतताना दिवस मावळलेला असतो. या वेळी धागे जेमतेम हलले, मग छातीवर पडून राहिले. दाजींनी गाडी थांबवली आणि वहीत लिहिलं, "निजले."

त्या काचेवर दाजींनी दोन वर्षं फड केले. मग छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, तोच आजार फुप्फुसात उतरलाय, धुळीचा-वाऱ्याचा दोष नाही. मी हे वाक्य दोनदा वदवून घेतलं. पौषात दाजी गेले. ताई माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली.

वर्षश्राद्धाला पाहुणे निघून गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "ताई, ती काच मी बसवायला नको होती का?"

ती परात घासत होती. हात थांबले नाहीत. "तू चुकलास आसं मी कवा म्हनले? फडात त्ये खुश हुते. दिसत हुतं मला." परात पालथी घालून तिनं हात पुसले. "त्यांची वही तुमाला समद्यांना, मला कुटं वाचता येती? मी वठाकडं बघून वळखायला शिकले हुते. आदी 'पानी' कळलं, मंग 'भाकर'. मंग एक दिस माजं नाव कळलं. लई हळू चाललं हुतं बग. आन त्ये सकाळीच फडाला निघायचे."

तिनं दुसरं भांडं पुढं ओढलं.

"अजून निम्मं बी शिकून झालं नव्हतं रं," ती म्हणाली.