भिंतीवरची फार्मासिस्ट

"फार्मासिस्ट मैडम आज छुट्टी पर हैं," काका गिऱ्हाइकाला म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हातात फडकं. कपाटांवरची धूळ पुसत होते. फार्मासिस्ट मॅडम मीच होते.

काका म्हणजे बाबांचे जुने साहेब. बाबा त्यांच्या ऑफिसात शिपाई. दोघंही नोकरीपायी नागपूरकडून भोपाळला आले. साहेबांनी बंगला बांधला, आम्ही तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिलो. रिटायर झाल्यावर त्यांनी बिट्टन मार्केटात मेडिकल काढलं आणि मला म्हणाले, "साहेब नको, काका म्हण गं." केवढं बरं वाटलं होतं मला. मूर्ख मी.

बारावी सायन्स केलं. मग डी. फार्म. मग सरकारी दवाखान्यात तासन् तास उभं राहून ट्रेनिंग, परीक्षा, फार्मसी कौन्सिलची नोंदणी. फार्मासिस्टशिवाय औषधाचं दुकान चालवता येत नाही, आणि त्याचं सर्टिफिकेट दर्शनी भागात टांगावं लागतं. काकांनी माझं फ्रेम करून टांगलं. अगरबत्तीसुद्धा ओवाळली. मला मात्र काउंटरपाशी फिरकू दिलं नाही. तिथे त्यांची सून बसायची. बी. ए. झालेली.

एकदा धीर करून विचारलं. काका हसले. "कॉलनीतली माणसं येतात गं इथे. तुम्हा लोकांना कोट्यातून कागद मिळतो, तो आमच्या कामी येतो. दोघांचंही भलं."

शिवी दिली असती तर परवडली असती.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक एक गरोदर बाई होती. कंबर दुखते म्हणून गोळी मागत होती. चिठ्ठी नव्हती. सुनेनं दुखण्यावरच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून दिली. बाई घुटमळली. "आठवाँ महीना है. फार्मासिस्ट से पूछ लूँ एक बार?"

तेव्हा काका ते छुट्टीचं बोलले.

मी म्हणाले, "मत लीजिए. बच्चे को नुकसान हो सकता है. पहले डॉक्टर से पूछिए. फार्मासिस्ट मैं हूँ."

बाईनं माझ्या हातातलं फडकं पाहिलं. काका म्हणाले, "सफाई वाली लड़की है, कुछ भी बोलती है." बाईनं स्ट्रिप पर्समध्ये टाकली आणि निघाली.

माझं डोकं फिरलं. स्टुलावर चढले, फ्रेम खाली काढली, तशीच रस्त्यावर पळाले. भाजीच्या गाड्यांपाशी बाईला गाठलं, सर्टिफिकेटवरच्या फोटोवर बोट ठेवलं. "ये फोटो देखिए. मेरी है. नाम भी मेरा है." तिनं फोटो पाहिला, मला पाहिलं. गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि गेली. मागून काका ओरडत होते, "फ्रेम इकडे आण!"

मी फ्रेम घेऊन घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, चपला घालून साहेबांना जाब विचारायला निघतील. ते पलंगावर बसूनच राहिले.

"साहेबांशी तसंच ठरलं होतं, पोरी," ते म्हणाले. "फक्त सर्टिफिकेट. तू घरी कंटाळशील म्हणून मीच म्हटलं, हिला येऊ द्या दुकानात."

ठरलं होतं. माझ्याबद्दल. मला न विचारता.

काकांचा संताप आला होता. बाबांनी मात्र आतून तोडलं मला. ज्या माणसानं माझी फी भरण्यासाठी सुट्टीच्या दिवशीही ड्युटी केली, त्यानंच मला भिंतीवर टांगायला दिलं.

"साहेबांना नाही कसं म्हणायचं?" बाबा म्हणाले.

"मी म्हणते."

दुसऱ्या दिवशी कौन्सिलला आणि औषध निरीक्षकाला लेखी कळवलं की त्या दुकानाची फार्मासिस्ट मी नाही. बाबा म्हणाले, आता साहेबांना तोंड कसं दाखवू? ते त्यांनी बघावं. दुकानाला टाळं लागलं तर लागो. यापुढे माझं नाव लागेल तिथे काउंटरवर मी असेन. मी नसेन तिथे माझं नाव नसेल. मग ते दुकान साहेबांचं असो, नाहीतर माझ्या बापाचं.