पेशींना खोकता येत नाही

आमच्या प्रयोगशाळेत एक पंप सिगारेट ओढतो. तो धूर द्रवात मुरवून मी माणसाच्या फुफ्फुसांच्या पेशींवर घालते. पेशींमधलं एन्झाइम धडपणे काम करत असलं, की तपासणीसाठी घातलेलं द्रावण हळदीसारखं पिवळं होतं. धूर सोसलेल्या पेशींचं आज धुऊन उरलेल्या डागाइतकं फिकट राहिलं. पेशींना खोकता येत नाही. एवढा फिकटपणा हीच त्यांची तक्रार. माणूस खोकायला लागतो, त्याआधी अशा किती जणींनी मुकाट्यानं हात टेकले असतील?

पाकिटात उरलेल्या सिगारेटी, वाया कशाला घालवायच्या म्हणून, मी बाबांना आणून देते. आज ते खोकतच दार उघडायला आले आणि सवयीनं हात पुढे केला.

“उरल्या का गं?”

“नाही, बाबा.”

पर्समध्ये दोन होत्या.