ठरावातलं बांडगूळ

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने आवारातल्या आंब्यावरचं बांडगूळ काढून टाकायचा ठराव एकमताने मंजूर केला. पहिला हात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा होता. ते बांडगूळ त्यांचंच होतं.

तुमच्याही सोसायटीत असा एक सभासद असेल. चहा लवकर यावा म्हणून आमचे काका प्रत्येक ठरावाला हात वर करत.

खोपटच्या एसटी डेपोत ते कंट्रोलर होते. गाडी कधी येणार, असं कुणी विचारलं की म्हणत, "येईल." निवृत्तीनंतर हेच उत्तर ते ऑर्किडबद्दल देत. खडवलीला एका लग्नाला गेले असताना वाऱ्याने पडलेली फांदी त्यांना दिसली. तिला सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किड, चिकटलेली होती. लग्नाच्या कपड्यांतच ती फांदी घेऊन ते घरी आले. खिडकीच्या ग्रिलमध्ये टांगल्यावर त्याचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर ठिबकू लागलं, तेव्हा काकूंनी झाड घराबाहेर काढलं. काकांनी ते सुतळीने आंब्याला बांधलं आणि विसरले. खत नाही, पाणी नाही. "फार विचारपूस केली की झाड घाबरतं," असं त्यांचं मत होतं.

सभेनंतर जिन्यात मी त्यांना म्हटलं, "ते बांडगूळ म्हणजे तुमचं ऑर्किड आहे." ते दोन पायऱ्या खाली उतरले, थांबले. "मग मी मत कुणाविरुद्ध दिलं?"

पुढच्या रविवारी माळी शिडी घेऊन आला, तर आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत काका बसलेले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, उठा. तुम्हीच पहिला हात वर केलेला."

"केलेला ना. बांडगूळ काढा, मी कुठे अडवतोय? पण बांडगूळ झाडाचा रस पितं. हे काही पीत नाही. नुसतं बसलंय."

वरून गॅलरीतून काकू म्हणाल्या, "नुसतं बसलेल्यांना काढायचं असेल, तर आमच्या घरापासून सुरुवात करा."

माळीसुद्धा हसला. शेवटी सेक्रेटरींनी मुदत दिली. पावसाआधी फूल आलं तर झाड राहील, नाही तर ठरावाप्रमाणे जाईल. काका म्हणाले, "येईल."

मे महिनाभर येता-जाता सगळी इमारत मान वर करून बघत होती. काका तेवढे बघत नसत. एका सकाळी दूध आणायला उतरलो, तर ते स्टुलावर उभे राहून कपड्यांना इस्त्री करताना वापरायच्या फवाऱ्याने ऑर्किडच्या मुळांवर पाणी मारत होते. मला पाहिल्यावर खाली उतरले आणि शेजारच्या तुळशीवर फवारू लागले. तुळशीखालची माती आधीच ओली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वीतभर लांबीचा जांभळट-पांढरा तुरा लोंबू लागला. सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आपल्या सोसायटीचं ऑर्किड'. काकू खाली आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हे ग्रिलमध्ये असताना का नाही आलं?" काकांनी खुर्ची त्यांच्यासाठी पुढे सरकवली.

दिवाळीनंतर दोघं मुलीकडे माजिवड्याला राहायला गेले. तिथे खिडकीबाहेर काही टांगायला परवानगी नाही. झाड इथेच आहे. यंदा तीन तुरे आले.